जुना फ्लॅट घेताना: आधी कागद, मग टोकन

जुना फ्लॅट बघायला गेलं की दुसऱ्या भेटीत एजंट हमखास म्हणतो, "उद्या अजून एक पार्टी येतेय, टोकन देऊन ठेवा." मग घराचा एकही कागद न वाचता पन्नास हजार, लाख रुपये दिले जातात. पावती बहुतेकदा नसते. असली तरी व्यवहार मोडला तर पैसे कधी परत मिळणार, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. टोकन दिलं की आपलं मन त्या घरात राहायला जातं. पुढे वकिलाने एखादी खोट दाखवली तरी "होऊन जाईल हो" म्हणून ती बाजूला सारली जाते.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच आहे: कागद बघायला आठ-दहा दिवस मागून घ्या आणि तोवर एक रुपयाही देऊ नका. ज्याचे कागद स्वच्छ आहेत तो मालक आठ दिवस थांबतो. जो थांबायला तयार नाही, त्याचं घर दुसऱ्या कुणी घेतलं तरी चालेल.

हा लेख महाराष्ट्रातल्या रीसेल फ्लॅटबद्दल आहे. बिल्डरकडून नवं घर घेताना २०१६ चा रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, बऱ्यापैकी पाठीशी असतो: करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याला दुरुस्त करून द्यावा लागतो. दोन व्यक्तींमधल्या जुन्या घराच्या व्यवहाराला असं कवच नसतं. तिथे चौकशी आपली आपणच करायची.

फ्लॅट घेतला म्हणजे नक्की काय घेतलं?

सोसायटीतला फ्लॅट घेताना आपण एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टींना हात घालत असतो, आणि बहुतेक गोंधळ या तिन्हींची सरमिसळ केल्याने होतात.

पहिली गोष्ट म्हणजे करारनामा. बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेला, पहिल्याने दुसऱ्याशी केलेला, आणि असेच पुढचे सगळे. त्या चार भिंतींवरचा हक्क या साखळीतून तुमच्यापर्यंत येतो.

दुसरी गोष्ट शेअर सर्टिफिकेट, म्हणजे भाग प्रमाणपत्र. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तुम्ही सभासद असता आणि त्या सभासदत्वाचा पुरावा म्हणजे हा कागद. त्यावर सहसा प्रत्येकी ५० रुपयांचे पाच भाग असतात. ऐंशी लाखांच्या घराच्या कागदावर २५० रुपये लिहिलेले बघून लोक त्याला किरकोळ समजतात. तसं समजू नका. त्याच्या मागच्या बाजूला आधीच्या प्रत्येक हस्तांतरणाची नोंद, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. करारनाम्यांच्या साखळीत जी नावं आहेत तीच त्याच क्रमाने इथे दिसली पाहिजेत. एखादं नाव गळलेलं असेल तर का, हे विचारायचं. पुण्यात बऱ्याच ठिकाणी सोसायटीऐवजी १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, त्याऐवजी नोंदवलेलं डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

तिसरी गोष्ट जमीन, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. १९६३ च्या मोफा, म्हणजे बिल्डरने फ्लॅट विकण्याचे नियम घालणाऱ्या, कायद्यानुसार सोसायटी नोंदली गेल्यावर बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची असते. याला अभिहस्तांतरण म्हणतात, बोलीभाषेत कन्व्हेयन्स. नियमांत त्यासाठी चार महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात वीस-तीस वर्षं जुन्या कितीतरी सोसायट्यांची जमीन आजही बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. राहायला त्याने काही अडत नाही. नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते, गणपती बसतो. अडतं ते इमारत जुनी होऊन पुनर्विकासाचा विषय निघतो तेव्हा. जमीन ज्याच्या नावावर, तो वाटाघाटीच्या टेबलावर येऊन बसतो. वाढीव एफएसआयवर, म्हणजे त्या जमिनीवर करता येणाऱ्या जादा बांधकामावर, हक्क सांगतो, किंवा त्याचे वारस सांगतात.

यावर उपाय आहे. बिल्डर टाळाटाळ करत असेल किंवा सापडतच नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. तेव्हा कन्व्हेयन्स झालेलं नाही एवढ्या कारणावरून घर नाकारायची गरज नाही. पण सेक्रेटरींना भेटून विचारा: कन्व्हेयन्स झालंय का, नसेल तर अर्ज केलाय का, कागद जमवलेत का. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, किंवा सातबारा ऑनलाइन काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते स्वतः बघा. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल तर थांबा. ती शासनाने अटींवर दिलेली जमीन असते आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. नवी मुंबईत सिडको या सरकारी महामंडळाची जमीन भाडेपट्ट्याने असते, तिथे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क आलंच.

साखळी: एकेक कडी ओढून बघायची

समजा इमारत १९८८ सालची आहे. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतला. त्याने १९९६ मध्ये दुसऱ्याला विकला. दुसरे गृहस्थ २००९ मध्ये वारले, फ्लॅट त्यांच्या पत्नीच्या नावावर झाला. त्यांनी २०१४ मध्ये आजच्या मालकाला विकला. अगदी नेहमीच्या वाटणाऱ्या या इतिहासात दोन खड्डे असू शकतात.

पहिला खड्डा १९८८ च्या करारनाम्यात. १० डिसेंबर १९८५ पासून महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या करारनाम्यावर खरेदीखताएवढंच मुद्रांक शुल्क लागू झालं. तरीही त्यानंतरची काही वर्षं अनेक करारनामे दहा-वीस रुपयांच्या स्टँपपेपरवर झाले, नोंदणीविनाच. असा कागद साखळीत असेल तर बँक अडते, आणि पुढे कन्व्हेयन्सच्या वेळी सोसायटीही अडते. बुडलेलं शुल्क दंडासह वसूल होऊ शकतं आणि दंड शुल्काच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. सरकार मधूनमधून अभय योजना, म्हणजे अशा शुल्क-दंडात सूट, आणतं. डिसेंबर २०२३ मध्ये आलेली योजना १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातल्या दस्तांसाठी होती. पुढची येईल या भरवशावर मात्र घर घेऊ नये. हे शुल्क आजच्या मालकाने भरावं, असं किंमत ठरतानाच बोलून घ्या.

दुसरा खड्डा २००९ चा, आणि तो जास्त खोल आहे. नवरा गेल्यावर फ्लॅट पत्नीच्या नावावर कसा झाला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नॉमिनी होत्या ना." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कुणाशी व्यवहार ठेवायचा, कुणाला बिल पाठवायचं, एवढ्यापुरती ती सोय आहे. मालकी वारसांची असते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, असे सगळे समान वाटेकरी असतात. आईचा हक्क तर फार जण विसरतात. आपल्या उदाहरणात पत्नी, दोन मुलं आणि सासूबाई असतील तर पत्नीचा वाटा एक चतुर्थांश. उरलेल्या तिघांनी नोंदवलेलं हक्कसोडपत्र दिलं नसेल आणि २०१४ च्या विक्रीत त्यांच्या सह्याही नसतील, तर तीन चतुर्थांश हक्कावर आजही कुणी दावा सांगू शकतं. मुलांपैकी कुणी तेव्हा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर आईची सही पुरत नाही, अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकायला न्यायालयाची परवानगी लागते.

या तपासणीला वकील लागतो. एजंटचा वकील नको, विक्रेत्याचाही नको, तुमचा स्वतःचा. तो सर्च घेईल, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या गेल्या तीस वर्षांच्या नोंदी तपासेल. त्याच्याकडे जाण्याआधी तुम्हीही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, बघू शकता. त्यात कुणी, कुणाला, कितीला, कधी विकलं हे एका पानावर असतं. मग वकील वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. "तमाम जनतेस कळविण्यात येते की" अशी सुरुवात असलेल्या त्या बारीक टायपातल्या चौकटी आपण रोज ओलांडून पुढे जातो. दोन आठवड्यांची मुदत देऊन दिलेली अशी सूचना, त्यातली एक शक्यतो मराठी दैनिकात, हा कमी खर्चातला मोठा आधार आहे. पुढे वाद झालाच तर तुम्ही प्रामाणिकपणे चौकशी केली होती हे दिसतं.

मूळ करारनामा हरवलाय असं कुणी सांगितलं तर पोलिसांतली हरवल्याची नोंद, जाहीर सूचना आणि निबंधकांकडची प्रमाणित प्रत, हे तिन्ही मागा. हरवलेला कागद कधीकधी एखाद्या बँकेत किंवा सावकाराकडे तारण पडलेला असतो. तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सेरसाईवर, थोडं शुल्क भरून शोध घेता येतो. तो घ्याच.

इमारत कायदेशीर आहे ना?

घराचे कागद निर्दोष आणि इमारतच बेकायदा, असंही घडतं. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधली पाचव्या मजल्याच्या वरची घरं २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. लोक तिथे पंचवीस-तीस वर्षं राहत होते, कर भरत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायला सांगितलं. बांधणाऱ्यांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांकसुद्धा मिळवले होते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. त्या घरांसाठी लोकांनी आयुष्यभराची बचत घातली होती. मला या बातम्या वाचताना प्रत्येक वेळी तुटतं, कारण महापालिकेच्या नगररचना विभागात एक खेप घातली असती तर खरं काय ते कळू शकलं असतं.

तेव्हा मागायचे कागद दोन: मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. दोन्हींवरचे क्रमांक महापालिकेत जाऊन पडताळा. मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. "कर भरतोय, लाइट मीटर आहे, बँकेने कर्ज दिलंय" यातलं काहीही ओसीची जागा घेत नाही. अनधिकृत बांधकामालाही करआकारणी होते. जुन्या बऱ्याच इमारतींना ओसी नाही हे खरं. त्यामागे कधी बिल्डरने थकवलेलं शुल्क असतं, कधी एखादा जादा मजला. पहिलं निस्तरता येतं. दुसरं असेल तर मी त्या घराच्या वाटेला जाणार नाही, किंमत कितीही उतरली तरी.

नकाशा हातात घेऊन फ्लॅटमध्ये फिरा. बाल्कनी खोलीत घेतलीय का, मधली भिंत पाडलीय का, गच्चीवर शेड टाकलीय का? टेप लावून चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, मोजा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. जुन्या करारनाम्यात बिल्टअप लिहिलेलं असतं, जाहिरातीत सुपर बिल्टअप आणि एजंटच्या तोंडी त्याहून मोठा आकडा. तुलना फक्त चटई क्षेत्रावर करायची. पार्किंगही नीट विचारा. उघडी किंवा स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. तेव्हा "पार्किंगचे पाच लाख वेगळे" म्हणणाऱ्याला सोसायटीचं वाटपपत्र दाखवायला सांगा.

इमारत तिशीपार असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि सोसायटीच्या मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. गळती, मोठी दुरुस्ती, सभासदांकडून काढायची वर्गणी, कोर्टकज्जे, सगळं तिथे सापडतं. पुनर्विकासाचं स्वप्न दाखवून कुणी किंमत चढवत असेल तर विकासकाशी नोंदवलेला करार झालाय का एवढंच विचारा. झाला नसेल तर त्या स्वप्नाचे पैसे देऊ नका.

पैशांचा खरा हिशेब

पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे. जुन्या इमारतीला आणि बँकेच्या स्वतःच्या मूल्यांकनानुसार हातात बरंच कमी पडतं. इथे ६० लाख मिळाले असं धरू. म्हणजे २० लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक आणि मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. मुंबईत ते ६ टक्के आहे. खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असतील तर एक टक्का कमी लागतं. पतीपत्नी दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटचे एक टक्का धरले तर ८० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर फी, शहरात जास्तीत जास्त २५ हजार. 'विकास निधी'च्या नावाखाली लाख-दोन लाख मागणाऱ्या सोसायट्या आहेत, पण त्याला कायद्याचा आधार नाही. एकूण झाले २६ लाख ९५ हजार, वकील, कर्जाचं प्रक्रिया शुल्क आणि रंगरंगोटी सोडून. आणि यातले सहा-सात लाख घराच्या किमतीत दिसतच नाहीत.

कर्जाचा हप्ता? ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: महिना साधारण ५२ हजार. वीस वर्षांत बँकेला जवळपास १ कोटी २५ लाख जातात, त्यातलं व्याज ६५ लाख. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, म्हणून दरवर्षी एखाद-दोन हप्ते जास्तीचे भरता आले तर मुदत झपाट्याने खाली येते.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेलं, मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर त्या फरकावर विकणारा आणि घेणारा, दोघांनाही प्राप्तिकराचा प्रश्न येतो. आणि 'थोडे कॅशमध्ये' हा प्रकार नको. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि रोख देणाऱ्याकडे व्यवहार फिसकटल्यावर दाखवायला काही उरत नाही. शिवाय ती रक्कम उद्या घर विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरली जात नाही, म्हणजे त्यावरचा कर तुम्हीच भरता.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याचा आगाऊ प्राप्तिकर, कापून तो सरकारकडे भरायचा असतो. आपल्या उदाहरणात ८० हजार. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत, प्राप्तिकर पोर्टलवर पॅनच्या आधारे. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुम्हाला.

मालक अनिवासी भारतीय असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही, आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. मुलगा न्यू जर्सीत, वडिलांनंतर कोथरूडचा फ्लॅट त्याच्या नावावर, हे आता घरोघरचं आहे. तिथे दीर्घकालीन लाभाच्या दराने, अधिभार आणि उपकरासह टीडीएस कापावा लागतो, आणि तो कमी कापला तर प्राप्तिकर खातं खरेदीदाराला धरतं. विक्रेत्याने आधीच खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मिळवलं तर दोघांचीही सुटका होते. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून बोलणी सुरू झाल्यावर लगेच हे काम त्याच्या मागे लावा. तो परदेशातून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, पाठवणार असेल तर ते खास याच घराच्या विक्रीसाठी आहे का, तिकडे रीतसर साक्षांकित आणि इकडे मुद्रांकित झालंय का, हे वकिलाला दाखवा. नोंदणीच्या दिवशी विक्रेत्याशी व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोला. मुखत्यारपत्र देणारा हयात नसेल तर ते पत्र रद्द झालेलं असतं. निव्वळ मुखत्यारपत्रावर 'विकलेल्या' घराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मालकाचं कर्ज बाकी असेल तर घाबरू नका, असे व्यवहार रोज होतात. त्याच्या बँकेकडून दोन पत्रं मागा: कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं, आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद जमा आहेत त्याच्या यादीचं. तुमच्या बँकेचा पहिला धनादेश थेट त्याच्या कर्जखात्यावर काढायचा, त्याच्या बचत खात्यावर नाही. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत न केल्यास बँकेला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

हे सगळं पाहून झालं की मग टोकन. तेही धनादेशाने किंवा ऑनलाइन, आणि एका पानाच्या लेखी समजुतीसह: कर्ज नामंजूर झालं किंवा हक्कात दोष निघाला तर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम परत. करारनामा सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. मी म्हणेन, सही आणि नोंदणी एकाच दिवशी उरका.

विकणाऱ्यासाठी

घर विकणाऱ्याची मोठी चूक म्हणजे कराचा विचार पैसे आल्यावर करणं. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं घर विकलं की नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे, महागाई निर्देशांकाचा लाभ न देता. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, कर काढून दोन्हींतला कमी भरता येतो. हा पर्याय खरंच वापरून बघा. २००६-०७ मध्ये २० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकला असेल तर नव्या पद्धतीने नफा ६० लाख, कर साडेसात लाख. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत १२२ वरून ३७६ या निर्देशांकाने वाढून सुमारे ६१ लाख ६४ हजार होते, नफा १८ लाख ३६ हजार, कर सुमारे ३ लाख ६७ हजार. उपकर दोन्हीकडे वेगळा. निम्म्याहून जास्त फरक पडला. घर २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्या.

नफ्याच्या रकमेतून विक्रीआधी एका वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्या प्रमाणात कर माफ होतो. घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठराविक सरकारी रोख्यांत गुंतवता येतात, पाच वर्षं अडकतात. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर रक्कम बँकेतल्या भांडवली लाभ खात्यात ठेवायची. साध्या मुदत ठेवीत ठेवलेली चालत नाही, आणि इथे कितीतरी ज्येष्ठ मंडळींची सवलत हातची जाते.

ताबा शेवटचा रुपया खात्यात दिसल्यावरच द्यायचा. "सामान आणून ठेवतो फक्त" यालाही नाही म्हणा.

गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट?

त्याच ८० लाखांच्या फ्लॅटला महिना २० हजार भाडं येतं असं धरू. वर्षात एक महिना रिकामा गेला तर २ लाख २० हजार. देखभाल ३६ हजार, मालमत्ता कर १२ हजार, एजंट आणि किरकोळ दुरुस्ती १५ हजार वजा केले की १ लाख ५७ हजार उरतात. खर्चासह जवळपास ८७ लाख घातले तर परतावा दोन टक्क्यांच्याही खाली. कर्ज काढून घेतला तर हप्ता ५२ हजार, भाडं २० हजार. म्हणजे सगळी भिस्त किंमत वाढण्यावर, आणि आत शिरतानाच आठ-नऊ टक्के खर्च झालेला असल्यामुळे किंमत तेवढी वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच असता. निवृत्तीचे पैसे यात घालणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. फ्लॅटची एक खोली विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. राहायला पहिलं घर घ्यायचं असेल तर हा हिशेब एवढा कडक लावू नका, तिथे स्थैर्याला किंमत आहे.

भाड्याने देणारच असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावू शकत नाही.

नोंदणी झाल्यावर

इंडेक्स टू हातात आला की सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळाल्याचं कायदा मानतो. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या, मालमत्ता कर आणि वीजमीटर नावावर करा. विक्रेत्याच्या नावाचं वीजबिल पाच-पाच वर्षं चालू ठेवणारे लोक आहेत. त्याच आठवड्यात नामनिर्देशन अर्ज भरा आणि दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही करा. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. घर दोघांच्या नावावर असेल तर कुणाचा किती टक्के वाटा, हे करारनाम्याचा मसुदा होतानाच त्यात लिहून घ्यायचं. नोंदणी झाल्यावर ते घालायचं तर वेगळा दस्त करावा लागतो.